टायमर लावला होता, तरी जेवण कच्चं, करपलेलं किंवा थंडगार: ओव्हनच्या टायमरचं समस्या निवारण

ओव्हनच्या टायमरबद्दलच्या तक्रारी फिरून फिरून त्याच येतात. ठरलेल्या वेळी ओव्हन सुरूच झाला नाही. सुरू झाला, पण बंद झाला नाही. वेळेवर बंद झाला, पण भांडं उघडलं तर मधलं अजून कच्चं. बऱ्याचदा यात यंत्राचा दोष नसतो. टायमरला फक्त वेळ कळते. भांडं फ्रिजमधून काढलेलं होतं की ओट्यावरचं, ओव्हन तापलेला होता की गार, पदार्थ आत किती तास पडून होता, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. हा सगळा हिशेब आपल्यालाच धरावा लागतो. तो चुकला की कधी चव जाते, तर कधी पोट बिघडतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, म्हणून खाली तिलाच जास्त जागा दिली आहे.

आधी हे तपासा: नेमका कुठला टायमर लावला होता?

इलेक्ट्रॉनिक पॅनेलच्या ओव्हनमध्ये ‘टायमर’ या एका शब्दात तीन वेगळी कामं दडलेली असतात.

घंटेचं चिन्ह म्हणजे नुसता गजर. वेळ झाली की तो वाजतो, आणि त्याचं काम तिथे संपतं. ओव्हन तापतच राहतो. पदार्थ करपल्याची तक्रार असेल तर सर्वांत आधी इथे पाहावं, कारण ‘वाजलं म्हणजे बंद झालं’ हा समज फार पक्का असतो. पाव तास दुसऱ्या खोलीत गेलं की केक गेलाच.

भांड्याचं चिन्ह किंवा ‘ड्युरेशन’ म्हणजे शिजण्याचा कालावधी. हा लावला की ओव्हन लगेच सुरू होतो आणि तेवढा वेळ झाल्यावर स्वतः बंद होतो.

‘एंड’ किंवा ‘स्टॉप’ म्हणजे संपण्याची वेळ. कालावधी आणि संपण्याची वेळ अशा दोन्ही गोष्टी दिल्या, की ओव्हन मागे मोजून सुरू होण्याची वेळ ठरवतो. कालावधी १ तास १५ मिनिटं आणि संपण्याची वेळ १९:३० दिली, तर तो १८:१५ ला तापायला लागेल.

घोळ होतो तो या दोन आकड्यांत. पुष्कळ पॅनेलवर कालावधी न देता फक्त संपण्याची वेळ दिली, तर ओव्हन त्याच क्षणी सुरू होतो आणि त्या वेळेपर्यंत चालत राहतो. म्हणजे सव्वा तासाचा पदार्थ पाच तास भाजला जातो. उलट फक्त कालावधी दिला आणि ‘एंड’ विसरलं, तर सकाळी अकरालाच जेवण तयार होऊन ते संध्याकाळपर्यंत बंद ओव्हनमध्ये पडून राहतं. म्हणून क्रम कायम एकच ठेवा: आधी कालावधी, मग संपण्याची वेळ.

घड्याळ चोवीस तासांचं असेल तर संध्याकाळचे साडेसात म्हणजे १९:३०. तिथे ७:३० दिलं तर ओव्हन दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात धरतो. रात्री घरी येऊन पाहावं तर भांडं गार आणि पॅनेलवर सगळं अगदी व्यवस्थित दिसतंय, अशी तक्रार असली की कारण बहुधा हेच निघतं.

आणखी एक गोष्ट राहून जाते. तापमान आणि भाजण्याचा प्रकार फिरत्या बटणांनी ठरवायचा असेल, तर टायमर फक्त वीज सोडण्याचं आणि तोडण्याचं काम करतो. बटणं शून्यावर राहिली, किंवा भाजण्याच्या प्रकाराचं बटण नुसत्या दिव्याच्या खुणेवर राहिलं, तर टायमर इमानेइतबारे सव्वा तास मोजेल आणि आत दिवा जळत राहील. टायमर लावल्यावर दोन्ही बटणं जिथे हवी तिथे आहेत ना, हे हात लावून पाहा.

नवा ओव्हन असेल किंवा उशिरा सुरू करण्याची सोय पहिल्यांदाच वापरणार असाल, तर आधी रिकाम्या ओव्हनवर तालीम करा. कालावधी ५ मिनिटं द्या, संपण्याची वेळ आतापासून १० मिनिटांनी ठेवा, तापमान १०० अंश सेल्सिअस. मग समोर उभं राहा. पहिली पाच मिनिटं ओव्हन गार राहायला हवा, नंतर तापायला हवा आणि दहाव्या मिनिटाला बंद व्हायला हवा. यात तुमच्या पॅनेलवरची कुठली खूण ‘वाट पाहतोय’ सांगते आणि कुठली ‘शिजतंय’ सांगते, हेही कळतं. दहा मिनिटांच्या या तालमीत जे समजतं ते माहितीपुस्तिकेची चार पानं वाचूनही समजत नाही.

ओव्हन सुरूच झाला नाही

घड्याळाचे आकडे लुकलुकत असतील आणि ०:०० किंवा १२:०० दाखवत असतील, तर मध्ये वीज गेली होती. बऱ्याच ओव्हनमध्ये घड्याळ लावल्याशिवाय तापवणारी कॉइल चालूच होत नाही, त्यामुळे ओव्हन बिघडला असं वाटतं. काही ओव्हनमध्ये एक क्षणभर वीज गेली तरी लावलेला कार्यक्रम पुसला जातो. आधी घड्याळ लावा. तरीही तापत नसेल तर ओव्हन स्वयंचलित स्थितीत अडकलेला असू शकतो: पॅनेलवर ‘ए’ किंवा ‘ऑटो’ ही अक्षरं दिसतात. त्यातून बाहेर काढायला हाताच्या पंजाचं चिन्ह असलेलं बटण दाबायचं. तसं बटण नसेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये कालावधी आणि संपण्याची वेळ ही दोन बटणं एकदम दोन-तीन सेकंद दाबून धरतात. ‘ए’ गेलं की ओव्हन हाताने चालवता येतो.

किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह दिसत असेल तर मुलांसाठीचं कुलूप लागलं आहे. दिवा लागतो, पंखा फिरतो, आकडे नीट चालतात, पण उष्णता अजिबात नाही, असं नव्या ओव्हनमध्ये दिसलं तर तो दुकानात मांडण्यासाठीच्या ‘डेमो’ स्थितीत असू शकतो. ही स्थिती सेटिंगच्या यादीतून बंद करावी लागते.

ओव्हनचं घड्याळच मागे-पुढे होत असेल तर ते नेहमी घड्याळाचा दोष असतोच असं नाही. पुष्कळ ओव्हन वेळ मोजायला मुख्य विजेच्या वारंवारितेवर, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या तिच्या आवर्तनांवर, अवलंबून असतात. २०१८ च्या सुरुवातीला युरोपातल्या जोडलेल्या वीजजाळ्यात वारंवारिता काही आठवडे ५० हर्ट्‌झपेक्षा किंचित कमी राहिली, आणि अशी घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली. सहा मिनिटांनी भाजलेला बटाटा बिघडत नाही, पण ओव्हनचं घड्याळ अधूनमधून फोनशी ताडून पाहणं बरं.

कारण काहीही असो, ओव्हन सुरू झाला नसेल तर आत ठेवलेल्या पदार्थाचं काय करायचं, हा खरा प्रश्न. ‘आता सुरू करू, नीट शिजवलं की झालं’ हा विचार इथे धोक्याचा ठरतो.

पदार्थ कच्चा किती वेळ थांबू शकतो?

५ ते ६० अंश सेल्सिअस हा जीवाणूंच्या वाढीचा पट्टा मानतात. वेगवेगळ्या ठिकाणच्या नियमांत हे आकडे दोन-चार अंशांनी पुढेमागे असतात, पण मुद्दा तोच. मांस, कोंबडी, मासे, अंडी, दूध, मलई, चीज घातलेले पदार्थ, शिजवलेला भात, शिजवलेल्या डाळी आणि शेंगा, चिरलेल्या भाज्यांचे रस्से या पट्ट्यात एकूण दोन तासांहून जास्त राहू नयेत. खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. फ्रिजमधून काढून चिरण्यात गेलेला वेळ, मसाला लावून ओट्यावर मुरवत ठेवलेला अर्धा तास, ओव्हनमध्ये वाट पाहण्यातला वेळ आणि ओव्हन सुरू झाल्यावर पदार्थाचा मधला भाग ६० अंशांच्या पुढे जाईपर्यंतचा वेळ, हे सगळं त्या दोन तासांत धरायचं. मोठ्या भांड्यातला दाट पदार्थ मध्यापर्यंत तापायला पाऊण तास सहज लागतो. म्हणजे उशिरा सुरू करण्यासाठी हातात खरोखर उरतो तो तासभर. तेवढ्यावरच बेत आखावा.

बंद ओव्हन म्हणजे गार कपाट नव्हे. शेजारच्या शेगडीची ऊब, वरच्या कप्प्यात चाललेलं भाजणं, काही गॅस ओव्हनमधली सतत पेटती छोटी ज्योत, नुसता चालू राहिलेला दिवा, यांनी आतलं तापमान खोलीपेक्षा जास्त असतं.

अनुकूल तापमानात कित्येक जीवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या वेगाने दोन तासांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे ६४ पट. सहा तासांत अठरा वेळा दुप्पट, म्हणजे २,६२,१४४ पट. प्रत्यक्षात सुरुवातीला वाढ संथ असते, म्हणून हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पण सकाळी नऊला ठेवलेली कोंबडी संध्याकाळी सहाला शिजायला लागणं का चालत नाही, हे त्यावरून दिसतं.

मग शिजल्यावर ते मरतात ना? जीवाणू मरतात. त्यांनी तोवर सोडलेलं विष मात्र राहू शकतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं विष आणि भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियसचं उलटी घडवणारं विष उकळूनही नष्ट होत नाही. वास आणि चव यांवरूनही ते कळत नाही. म्हणून वीज गेल्यामुळे किंवा चुकीच्या वेळेमुळे नाशवंत पदार्थ दोन तासांच्या पुढे गेला असेल, किंवा किती वेळ गेला हे नक्की सांगता येत नसेल, तर तो टाकून द्यावा. वाया गेल्याचं वाईट वाटतं, पण यात मधला मार्ग नाही.

गोठवलेलं मांस ठेवलं तर वेळ मिळतो, हा उपाय पुष्कळदा सुचवला जातो. तो करू नये. गोठलेला तुकडा बाहेरून आधी वितळतो. आतलं बर्फ तसंच असताना वरचा थर तासन्‌तास कोमट राहतो, आणि नंतर शिजताना बाहेरचं सुकतं पण मधलं कच्चं राहतं.

जास्त वेळ थांबवायचंच असेल तर पदार्थ बदला. अख्खे बटाटे, रताळी, बीट, कांदे, सालासकट भोपळा हे कच्चे असताना कित्येक तास खुशाल राहतात. यांच्यासाठी उशिरा सुरू होणारा टायमर अगदी योग्य आहे.

किंवा सरळ उलट करा: उशिरा सुरू करण्याऐवजी आताच सुरू करून मंद शिजवा. घट्ट झाकणाचं जड भांडं, त्यात गरम करून ओतलेला रस किंवा पाणी, तापमान १३० अंश, वेळ तीन ते चार तास. पदार्थ लवकर धोक्याच्या पट्ट्याबाहेर जातो आणि चिवट मांस मऊ होतं. अर्थात तेवढा वेळ घरी कुणीतरी असायला हवं.

राजमा मात्र असा मंद शिजवायला थेट घालू नये. कच्च्या राजम्यात लेक्टिन हे विषारी प्रथिन असतं. भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात तो आधी खळखळून उकळावा लागतो. किमान दहा मिनिटं, आणि अर्धा तास उकळला तर आणखी चांगलं. उकळीच्या खालच्या तापमानावर कित्येक तास ठेवला तरी हे विष जात नाही, उलट ८० अंशांच्या आसपास त्याचा त्रास वाढू शकतो.

वेळ बरोबर दिली, तरी आतून कच्चं

पाककृतीतली वेळ तापलेल्या ओव्हनची असते. टायमरने सुरू झालेला ओव्हन गार असतो. १८० अंशांपर्यंत पोचायला त्याला साधारण १० ते १५ मिनिटं लागतात, म्हणून कालावधीत तेवढी मिनिटं वाढवायची. फ्रिजमधून थेट ठेवलेलं जाड काचेचं किंवा मातीचं भांडं असेल तर आणखी दहा. असं गार काचेचं भांडं तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये, ते तडकू शकतं. गार ओव्हनमध्ये ठेवून दोन्ही बरोबर तापू दिलेलं बरं.

गार ओव्हनपासून सुरुवात सगळ्यांना मानवत नाही. झाकलेले रस्से, भाजी घातलेले थर, अख्खे कंद, मोठे तुकडे चालतात. केक, बिस्किटं, पफ पेस्ट्री, फेटलेल्या अंड्यांवर फुगणारे पदार्थ चालत नाहीत. केकच्या पिठात बेकिंग सोडा किंवा पावडर ओलावा मिळताच काम सुरू करते. पीठ तासभर थांबलं तर वायू निघून जातो आणि केक बसतो. पफ पेस्ट्रीतलं लोणी संथ उष्णतेत आधी वितळून वाहून जातं, थर सुटतच नाहीत. यांच्यासाठी ओव्हन हाताने तापवा आणि टायमर नुसता गजर म्हणून वापरा.

वरून करपलं आणि आतून कच्चं, असं होत असेल तर जाळी किती उंचीवर आहे ते बघा. काही ओव्हन तापताना वरची कॉइलही पूर्ण जोरात चालवतात. वरच्या जाळीवरचं उघडं भांडं त्या पंधरा मिनिटांतच काळं पडतं. टायमरने सुरू होणाऱ्या स्वयंपाकाला मधली जाळी आणि झाकण, हे ठरवूनच टाका. शेवटची १५ मिनिटं झाकण काढून रंग आणता येतो.

पंख्याच्या ओव्हनमध्ये, म्हणजे कन्व्हेक्शनवर, नेहमीच्या ओव्हनसाठी लिहिलेलं तापमान २० अंशांनी कमी करतात. १८० लिहिलं असेल तर १६०. वेळ तीच ठेवून थोडं आधी बघायचं.

यानंतरही रोज तेच होत असेल तर थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान राखणाऱ्या भागावर, संशय घ्या. १८० लावलं म्हणजे आत सतत १८० नसतं. कॉइल चालू-बंद होत राहते आणि तापमान १०-१५ अंशांनी वर-खाली झुलतं. म्हणून एकदा पाहून निष्कर्ष काढता येत नाही. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मधल्या जाळीवर मध्यभागी ठेवा, १८० लावा, अर्धा तास जाऊ द्या. मग दर दहा मिनिटांनी काचेतूनच, दार न उघडता, पाच वेळा आकडा लिहा आणि सरासरी काढा. सरासरी १७० ते १९० मध्ये असेल तर ओव्हन ठीक आहे. त्याहून जास्त फरक असेल आणि तो कायम एकाच बाजूला असेल, तर बऱ्याच इलेक्ट्रॉनिक ओव्हनमध्ये सेटिंगमधून तेवढा फरक भरून काढता येतो. नाही तर लावतानाच तेवढे अंश वाढवून किंवा कमी करून लावा. आकडे कधी खूप वर, कधी खूप खाली असे भरकटत असतील तर तापमानाचा सेन्सर बदलावा लागेल. दाराच्या रबराची पट्टीही बघा. ती एका कोपऱ्यात दबलेली किंवा फाटलेली असेल तर त्या बाजूचा पदार्थ नेहमी मागे राहतो.

शेवटी, झालं की नाही हे टायमरला विचारू नका, पदार्थाला विचारा. सुईचा थर्मामीटर सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, मध्यापर्यंत घालायचा. कोंबडी ७४ अंश. खिमा ७१. अंड्यांचे पदार्थ ७१. मासे ६३. मांसाचे अख्खे तुकडे ६३, आणि बाहेर काढून तीन मिनिटं थांबायचं. उरलेलं अन्न पुन्हा गरम करताना ७४. कोंबडीच्या रसाचा रंग पाहून ठरवणं भरवशाचं नाही: रस स्वच्छ दिसला तरी आतलं तापमान कमी असू शकतं.

ओव्हन वेळेवर बंद झाला, तरी पदार्थ सुकला किंवा कोमट झाला

बंद झाला म्हणजे गार झाला असं नाही. १८० अंशांचा बंद ओव्हन अर्ध्या तासानंतरही चांगला तापलेला असतो, आणि पदार्थ त्यात शिजतच राहतो. भांडं लगेच काढायला कुणी नसेल तर कालावधी १० मिनिटांनी कमी द्या. मांसाचा मोठा तुकडा ओव्हनबाहेर काढल्यावरही आतून ५ अंशांच्या आसपास चढतो. आतच राहिला तर त्याहून जास्त. पण मग खाण्याआधी थर्मामीटर लावून आकडा आला आहे ना, हे बघावंच लागतं.

पुढे तोच ओव्हन हळूहळू ६० अंशांच्या खाली येतो आणि जेवण पुन्हा धोक्याच्या पट्ट्यात शिरतं. इथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जीवाणू त्रास देतो. त्याचे बीजाणू, म्हणजे उष्णता सोसणारी सुप्त रूपं, शिजवण्यातून वाचतात, आणि मांसाचा रस्सा ४३ ते ४७ अंशांवर असताना तो फार वेगाने वाढतो. दहा-बारा मिनिटांत दुप्पट. म्हणजे बंद ओव्हनमध्ये संथ गार होणारं मोठं भांडं त्याला अगदी सोयीचं. ओव्हन थांबण्याची वेळ आणि जेवणाची वेळ यांत अर्ध्या तासाहून जास्त अंतर ठेवू नका. ते ठेवणं भाग असेल तर ओव्हन ८० ते ९० अंशांवर चालू ठेवा, झाकण घट्ट ठेवा आणि पदार्थ ६० च्या वर आहे ना ते मोजा. उरलेलं अन्न उथळ भांड्यात, ५ सेंटिमीटरहून कमी थरात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेल्या बटाट्यांची एक वेगळी काळजी आहे. बोट्युलिझम ही जीवघेणी अन्नविषबाधा घडवणाऱ्या, मातीतल्या जीवाणूचे बीजाणू भाजण्यातून वाचतात. फॉइलच्या आत हवा नसते, ओलावा असतो, आणि बटाटा कोमट राहतो. भाजून झाल्यावर फॉइल काढून टाका. गुंडाळलेले बटाटे रात्रभर ओट्यावर किंवा बंद ओव्हनमध्ये ठेवू नका.

फिरवायचा स्प्रिंगचा टायमर

छोट्या टेबलावरच्या ओव्हनमध्ये टिकटिक करत शून्याकडे येणारा टायमर असतो. तो शून्यावर असेल तर ओव्हन तापत नाही, तापमान कितीही लावा. काहींवर शून्याच्या दुसऱ्या बाजूला ‘स्टे ऑन’ ही जागा असते. तिथे वेळेचं बंधन नसतं, म्हणजेच ओव्हन आपोआप बंद होत नाही. शून्यावर आणताना बटण चुकून पलीकडे गेलं तर ओव्हन तासन्‌तास चालू राहतो. त्याकडे नीट लक्ष द्या.

पाच-दहा मिनिटं लावायची असतील तर बटण आधी २० च्या पुढे न्या आणि मग हव्या त्या आकड्यावर मागे आणा. थेट ५ वर नेलं तर स्प्रिंगला पुरेसा ताण बसत नाही आणि टायमर मध्येच अडतो किंवा लवकर संपतो. बिस्किटांसारख्या मिनिटामिनिटाला फरक पडणाऱ्या गोष्टींसाठी फोनचा गजर जोडीला लावा.

महिन्यातून एकदा रिकाम्या ओव्हनवर ३० मिनिटं लावून फोनशी ताडून पाहा. दोन-तीन मिनिटांचा फरक चालतो. शेवटच्या काही मिनिटांत टिकटिक थांबून बटण तिथेच अडकत असेल तर मात्र तो टायमर वापरू नका. घंटी वाजणार नाही आणि कॉइल लाल राहील. हा सुटा भाग असतो, बदलून मिळतो.

बाहेरचा प्लग-टायमर आणि गॅसचा ओव्हन

टायमर नसलेल्या ओव्हनला भिंतीतल्या सॉकेटवरचा टायमर जोडावा का? नाही. २००० वॉटचा ओव्हन २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर सलग ओढतो. पुष्कळ स्वस्त प्लग-टायमरवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण सतत तापणाऱ्या भारावर त्यांचे संपर्कबिंदू गरम होतात, वितळून चिकटतात, आणि मग तो टायमर बंद करूच शकत नाही. शिवाय समोर कुणी नसताना ओव्हन सुरू होणार असतो.

गॅसच्या ओव्हनमध्ये बऱ्याचदा टायमर म्हणजे नुसती घंटी असते, गॅस बंद होत नाही. गॅस आपोआप चालू-बंद करण्याची सोय कारखान्यातूनच दिलेली असेल आणि ज्योत विझल्यास गॅस तोडणारं उपकरण असेल, तरच उशिरा सुरू करण्याचा विचार करा. जुगाड करून तसं बनवू नका.

कुठलाही ओव्हन टायमरवर ठेवण्याआधी आतून बाहेर काढा: जादा ट्रे, प्लास्टिकचं झाकण, कागद, कापडी हातमोजे. आणि दारावर चिठ्ठी लावा: ‘सहाला आपोआप सुरू होईल’. घरातल्या दुसऱ्या कुणी आत काही ठेवून दार लावलं, तर ओव्हनला ते कळणार नाही.

बंदच होत नसेल तर

कालावधी संपला, पॅनेलवर संपल्याची खूण आली, गजर वाजला, पण कॉइल अजून तापते आहे. हा पॅनेलमधला रिले, म्हणजे कॉइलची वीज चालू-बंद करणारा स्विच, चिकटल्याचा प्रकार असतो. पंखा नुसता फिरत राहणं वेगळं: तो ओव्हन गार करण्यासाठी बंद झाल्यावरही दहा-वीस मिनिटं चालतो, त्यात काही गैर नाही. फरक ओळखायला बंद झाल्यावर अर्ध्या तासाने आतला थर्मामीटर बघा. आकडा उतरत असेल तर ठीक. तसाच राहिला किंवा चढत असेल तर भिंतीवरचा स्विच किंवा एमसीबी बंद करा आणि तंत्रज्ञ येईपर्यंत ओव्हन वापरू नका.

त्याला बोलावताना चार गोष्टी लिहून ठेवा: मॉडेल क्रमांक, पॅनेलवर दिसलेले आकडे किंवा खूण, कोणता टायमर लावला होता, आणि वीज गेली होती का. ‘टायमर चालत नाही’ एवढंच सांगितलं तर तो पॅनेल बदलायला निघेल, आणि कधी कधी तिथे फक्त पंजाच्या चिन्हाचं बटण दाबायचं राहिलेलं असतं.